भाचीने परत केलेले पुस्तक

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम जय ख्रिस्त. मी नगरची, वय 61. शाळेत इंग्रजी शिकवत होते, आता निवृत्त आहे. तीन वर्षांपूर्वी यजमान प्रभूच्या घरी गेले. त्यानंतर मुलाने मला किंडल आणून दिले आणि त्यावर मी एका रात्री सहज ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही ख्रिस्ती प्रेमकादंबरी उघडली. दोन वाजेपर्यंत वाचत बसले. तेव्हापासून अशा चाळीसेक कादंबऱ्या वाचून झाल्या असतील. संध्याकाळी साडेसात वाजता जेवण आटोपले की आता घर खायला उठत नाही.

आवडलेली गोष्ट एकटीने ठेवण्याचा माझा स्वभाव नाही. मंडळीच्या (आमच्या चर्चच्या) भगिनी मंडळात विषय काढला, तर एक ज्येष्ठ बाई सर्वांसमोर म्हणाल्या, “प्रेमकथा वाचायचं हे वय आहे का? तेवढा वेळ वचनात घालवावा.” वचनात म्हणजे बायबलवाचनात. सुनेला एक कादंबरी वाचायला दिली. ती हिंदू घरातली आहे आणि माझ्यापेक्षा जास्त वाचते. ती म्हणाली, “आई, यात सगळं आधीच ठरलेलं असतं हो.” धाकट्या बहिणीच्या मुलीचे ठरलेले लग्न नाताळाच्या तोंडावर मोडले. ती 27 वर्षांची आहे. तिला मी मोठ्या आशेने ‘रिडीमिंग लव्ह’ विकत घेऊन दिले. पन्नास-साठ पाने वाचून तिने ते बहिणीच्या हाती परत पाठवले, सोबत चिठ्ठी नाही की निरोप नाही. तेव्हापासून ती माझ्याशी तुटक बोलते.

माझी आवडच चुकीची आहे का? दुसऱ्यांना ही पुस्तके सुचवावीत तरी कशी? मंडळातल्या बऱ्याच जणींना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मराठीत काही करावे असे मनात आहे. ते मला करता येईल का?

— एक वाचक

उत्तर

प्रिय ताई,

सप्रेम जय ख्रिस्त. तुम्ही प्रश्न तीन विचारले आहेत, पण पत्राचा सगळा भार भाचीने परत पाठवलेल्या त्या पुस्तकावर आहे, असे मला ते दुसऱ्यांदा वाचताना जाणवले. त्याच्याकडे मी येतेच. त्याआधी तुमच्या आवडीविषयी दोन शब्द लिहिते, कारण ती आवड काय आहे हे नीट समजल्याखेरीज सुचवण्याचा प्रश्न सुटणार नाही.

‘लव्ह कम्स सॉफ्टली’ मीही वाचली आहे. जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची ही कादंबरी 1979 साली प्रसिद्ध झाली आणि तिच्या यशानंतर अमेरिकेतले ख्रिस्ती प्रकाशक या प्रकाराकडे गांभीर्याने पाहू लागले, असे मानले जाते. तुम्हाला कथा पाठ असेल, पण इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मार्टी ही अवघी एकोणीस वर्षांची मुलगी नवऱ्यासोबत पश्चिमेकडच्या माळरानावर नवे घर वसवायला निघते आणि वाटेतच विधवा होते. तिच्या पोटात मूल असते आणि पुढे हिवाळा असतो. ज्या दिवशी नवऱ्याला मूठमाती दिली त्याच दिवशी क्लार्क नावाचा अनोळखी विधुर तिच्यासमोर येतो आणि लग्नाची मागणी घालतो. त्या मागणीत प्रेमाचा शब्दही नसतो. त्याच्या लहानग्या मुलीला आई हवी असते, मार्टीला डोक्यावर छप्पर हवे असते, आणि वसंतात तिला माहेरच्या मुलखात परत जायचे असेल तर आपण खर्च देऊ, असेही तो कबूल करतो. मार्टीला त्याचा राग येतो, तरी तिला दुसरा मार्ग नसतो. त्या घरात ती आली तेव्हा तिला स्वयंपाकातले एकच येत असते, ते म्हणजे पॅनकेक, आपल्या धिरड्यांच्या जातीचा पदार्थ. ती सकाळी पॅनकेक करते, दुपारी तेच करते आणि रात्रीही तेच करते. क्लार्क ते मुकाट्याने खातो.

ताई, या कादंबरीतले प्रेम मला त्या मुकाट्याने खाल्लेल्या पॅनकेकमध्ये दिसते. पुढे दोघांच्या मनात जे येते ते फार हळू येते, आणि ते येण्याआधी कित्येक महिने दोघेही आपापल्या वाट्याचे काम करत राहिलेले असतात. लाकडे फोडलेली असतात, मूल सांभाळलेले असते, एकमेकांच्या दुःखाला वाट मोकळी ठेवलेली असते. आधी भावना उसळते आणि मग संसार होतो, असा क्रम आपण सिनेमात पाहत आलो. इथे संसार आधी आहे. ज्या पिढीची लग्ने कांदापोह्यांवर ठरली आणि प्रेम नंतर, पहिल्या बाळंतपणात किंवा पहिल्या आजारपणात कधीतरी उमगले, त्या पिढीतल्या बाईला ही कादंबरी परकी वाटणे शक्यच नाही. शिवाय मार्टीचे पहिल्या नवऱ्यासाठीचे रडणे लेखिकेने कुठेही घाईने पुसून टाकलेले नाही. तीन वर्षांपूर्वी यजमान गेलेल्या एका वाचक बाईला रात्री दोन वाजेपर्यंत कोणी जागवले, हे मला इथे कळते. या आवडीत लपवण्यासारखे काही नाही.

आता ‘रिडीमिंग लव्ह’.

फ्रान्सीन रिव्हर्स यांची ही कादंबरी 1991 साली आली आणि ख्रिस्ती वाचकांसाठीची तिची सुधारलेली आवृत्ती 1997 साली निघाली. रिव्हर्स आधी साध्या बाजारातल्या प्रेमकादंबऱ्या लिहीत असत आणि ख्रिस्ती विश्वासाकडे वळल्यानंतर त्यांनी हे पुस्तक लिहिले. त्यामागे बायबलमधले होशेय संदेष्ट्याचे पुस्तक आहे, हे तुम्हाला सांगायला नको. होशेयाची बायको त्याला सोडून जाते आणि तो पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमर सातू मोजून तिला परत आणतो. रिव्हर्स यांनी ही कथा कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या शोधाच्या काळात, म्हणजे 1850 च्या सुमारास नेऊन ठेवली आहे. तिथे नायिका एंजल ही वेश्यावस्तीतली स्त्री आहे, आणि मायकल होशेय नावाचा शेतकरी देवाचा आदेश मानून तिच्याशी लग्न करतो, ती पुन्हा पुन्हा निघून गेली तरी तिची वाट पाहतो. पुस्तकाचा शेवट फार मोठ्या मनाचा आहे आणि त्याने कित्येक वाचकांना आधार दिला आहे. तुम्हालाही दिला असणार, म्हणून तर तुम्ही ते विकत घेऊन भाचीला दिले.

पण त्या पुस्तकाची सुरुवात आठवून पाहा. बाप जिचा जन्मच नाकारतो अशी एक लहान मुलगी, तिची खचत गेलेली आई, आणि मग त्या मुलीचे विकले जाणे. तुमच्या भाचीने पन्नास-साठ पाने वाचली, याचा अर्थ तिने प्रामुख्याने हाच भाग वाचला. मायकलची शेती, त्याचा धीर, तुम्हाला जे तिच्या हाती द्यायचे होते ते सगळे पुढे आहे आणि तिथवर ती पोहोचलीच नाही. लग्न मोडल्यावर कुठल्याही मुलीच्या मनात ‘आपल्यातच काही कमी होते का’ हा प्रश्न रात्रंदिवस घोळत असतो. अशा वेळी मावशीने दिलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात एक मूल नाकारले जाते, आणि मागच्या कव्हरवर डागाळलेल्या स्त्रीच्या उद्धाराची भाषा असते. “मावशीला मी अशी वाटते का?” असे तिच्या मनात आले असेल, तर मला त्याचे नवल वाटणार नाही. असेच झाले असेल, असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण पुस्तक पोस्टाने न पाठवता आईच्या हाती, चिठ्ठीशिवाय परत पाठवण्यात दुखावलेपण आहे, आणि पुस्तक नुसते कंटाळवाणे वाटले असते तर तिने तसे फोनवर सांगितले असते.

म्हणून तिच्याशी पुस्तकाविषयी चर्चा करू नका. ‘पुढे वाचलं असतंस तर कळलं असतं’ हे वाक्य तर तोंडातून निघू देऊ नका, ते कितीही खरे असले तरी. तिला फोनवर किंवा चिठ्ठीत एवढेच सांगा : “ते पुस्तक मला आवडलं होतं म्हणून तुला दिलं. त्याची सुरुवात किती जड आहे आणि तुझे दिवस कसे चाललेत, याचा मी विचार करायला हवा होता. माझं चुकलं.” इथे थांबा. त्यानंतर तिला जेवायला बोलवा आणि पुस्तकाचा विषय तिने काढल्याशिवाय काढू नका.

हे मी अधिकाराने लिहीत आहे असे समजू नका. काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयातल्या एका बाईंना मी अशीच एक कादंबरी दिली होती. त्यांचे यजमान दारूच्या आहारी गेलेले होते आणि त्या कादंबरीत पत्नीच्या प्रार्थनेने भरकटलेला नवरा घरी परततो. मला वाटले, यातून त्यांना धीर येईल. महिनाभराने पुस्तक परत आले. त्याला त्यांनी वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते, कारण दुसऱ्याची वस्तू जपून परत द्यायची ही त्यांची सवय. मी ते चाळले तेव्हा एका पानावर पेन्सिलीची बारीक रेघ दिसली. नायिकेने सात महिने न चुकता प्रार्थना केली, अशा अर्थाच्या वाक्याखाली ती होती आणि शेजारी समासात त्यांनी लिहिले होते : ‘19 वर्षे’.

ते पान मी अजून विसरलेले नाही. त्या बाईंचा विश्वास माझ्यापेक्षा कणखर होता आणि आजही आहे. मी मात्र त्यांना असे पुस्तक दिले होते, ज्यात देव दोनशे ऐंशी पानांच्या आत उत्तर देतो. त्यांना जे ऐकावे लागले त्याचा अर्थ असा होता की, तुझी प्रार्थना कुठेतरी कमी पडते. मी तसे म्हटले नव्हते, पण पुस्तकाने ते माझ्या वतीने म्हटले. तेव्हापासून कोणाला पुस्तक सुचवताना मी आधी शेवटाकडे पाहते : या शेवटात जे मिळते, ते या माणसाच्या आयुष्यात अजून मिळायचे आहे का, आणि ते मिळेल की नाही हे कोणालाच ठाऊक नाही असे आहे का? असेल, तर ते पुस्तक मी त्या माणसाला देत नाही, मग ते कितीही चांगले असो. विधवेला मार्टीची कथा चालेल की नाही, हेही असेच आहे. तुम्हाला ती चालली, कारण तुम्ही ती स्वतः उचललीत. कोणी दिराने किंवा जावेने येऊन ‘हे वाचा, यात विधवेचे लग्न होते’ असे सांगितले असते, तर त्याच पुस्तकाचा तुम्हाला राग आला असता.

या प्रकारच्या पुस्तकांच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की कव्हरवरून काही कळत नाही. इतर प्रेमकादंबऱ्यांतला उघडावाघडा शृंगार आणि शिवीगाळ इथे नसते, त्यामुळे ही पुस्तके ‘स्वच्छ’ म्हणून विकली जातात आणि आपण बिनघोर कोणाच्याही हाती देतो. स्वच्छ असणे म्हणजे सौम्य असणे नव्हे. ‘रिडीमिंग लव्ह’मध्ये लहान मुलीवरचा अत्याचार आहे. शृंगाराची वर्णने सांभाळून केली म्हणून त्या वेदनेची धार कमी होत नाही. पुस्तक देताना ‘यात असे असे आहे, आत्ता नको असेल तर राहू दे’ हे आधीच सांगावे, त्याने कथेची गोडी बिघडत नाही.

आता तुमच्या सूनबाईंकडे वळते, कारण त्यांचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. ‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ हे त्या म्हणाल्या आणि तुम्ही त्याचा अर्थ साचेबद्धपणा असा घेतलात. तेवढाच अर्थ असेल तर त्याचे उत्तर सोपे आहे. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यानाचा शेवट ठाऊक असतो, तरी लोक बसतात, कारण बुवा तिथवर कसे नेतात हे पाहायचे असते. लग्नाने शेवट होणार हे ठाऊक असणे हा या कादंबऱ्यांचा दोष नाही. वाचकाशी केलेला तो करार आहे, आणि थकलेल्या माणसाला संध्याकाळी असा करार हवासा वाटणे अगदी साहजिक आहे.

पण आणखीही काही ठरलेले असते, ताई. या कादंबऱ्यांत नायक किंवा नायिका विश्वासाबाहेरची असेल, तर शेवटच्या प्रकरणाआधी ती विश्वासात येते. आली नाही, तर ती वाटेतून बाजूला केली जाते. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले ‘विजोड होऊ नका’, म्हणजे विश्वास न ठेवणाऱ्यांशी जोडले जाऊ नका, हे वचन जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती प्रेमकादंबरीच्या पाठीशी उभे असते. लिहिणाऱ्यांच्या श्रद्धेचा तो भाग आहे आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. पण तुमच्या घरात हिंदू माहेरची मुलगी सून म्हणून नांदते आहे. सासूने प्रेमाने दिलेल्या पुस्तकात तिच्यासारख्या व्यक्तीसाठी दोनच जागा आहेत, एक तर बदलणे नाही तर निघून जाणे, हे तिच्या लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही. ती समंजस आहे, म्हणून तिने साच्याला नाव ठेवले आणि स्वतःला झालेला त्रास बोलून दाखवला नाही.

तिच्यासाठी माझी सूचना वेगळी आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तुमच्या घरी असतीलच. नगरच्या ख्रिस्ती घरात ती नसली तर नवल. ती काढा आणि दोघींनी मिळून वाचा. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई हिंदू होत्या, आणि पुढची काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. 1900 साली त्या ख्रिस्ती झाल्या. आपल्याकडे ही कथा पुष्कळदा त्या शेवटासाठी सांगितली जाते. पण तुम्ही ती मधल्या वर्षांसाठी वाचा : नवरा परधर्मात गेलेला, बाईची सोवळ्याओवळ्यावरची श्रद्धा कायम, सगळे गणगोत एका बाजूला, आणि तरीही दोघांमधला धागा तुटत नाही, पत्रे येत-जात राहतात, भांडणेही होत राहतात. लक्ष्मीबाई स्वतःला थोर करून दाखवत नाहीत आणि टिळकांनाही नाही. विश्वास बदललेल्या आणि न बदललेल्या माणसांनी एका घरात एकमेकांवर प्रेम कसे करावे, हे मराठीत इतक्या जवळून कोणी सांगितल्याचे मला माहीत नाही, आणि ते अशा बाईने सांगितले आहे जी आधी दाराच्या बाहेर उभी होती. सूनबाईंना त्यात स्वतःसाठी तिसरी जागा सापडेल. वाचून झाल्यावर तुमच्या आवडत्या कादंबऱ्यांविषयी त्यांच्याशी मोकळेपणाने बोला, आणि त्यांनी त्या नाकारल्या तर नाकारू द्या.

भगिनी मंडळातल्या ज्येष्ठ बाईंना बायबलमधूनच उत्तर देणे तुम्हाला सहज जमेल, पण मी सांगते, चारचौघींत ते देऊ नका. रूथचे पुस्तक ही एका तरुण विधवेची कथा आहे. ती बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते आणि तो तिच्यासाठी कापणी करणाऱ्यांना मुद्दाम कणसे टाकून ठेवायला सांगतो. गीतरत्न हे बायबलमधले प्रेमगीतांचे पुस्तक तर आहेच. आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती बाबा पदमनजींची 1857 सालची ‘यमुनापर्यटन’ एका ख्रिस्ती लेखकाने लिहिली आहे, आणि तिची नायिका यमुना विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. तेव्हा कादंबरी आणि विवाह हे दोन्ही विषय आपल्या मंडळीला काल-परवाचे नाहीत. हे सगळे खरे आहे, पण ते ऐकवून त्या बाई गप्प होतील आणि तुमच्यापासून दुरावतील.

त्याऐवजी एकदा त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि विचारा की त्यांना नेमकी कशाची भीती वाटते. त्यांच्या बोलण्यात तथ्य असू शकते. मंडळात अशा काही जणी बसत असतील, ज्यांच्या नवऱ्यांनी गेल्या दहा वर्षांत त्यांना एकदाही ‘दमलीस का’ असे विचारलेले नाही. त्यांनी रोज रात्री क्लार्कसारख्या पुरुषाविषयी वाचले, तर सकाळी घरातला माणूस आणखी सलू लागेल, ही भीती खोटी नाही. मी स्वतः असे मानते की चांगली कथा ते सलणे वाढवत नाही, त्याला शब्द देते. पण ज्या बाईंनी तीस-चाळीस वर्षे मंडळातल्या घराघरांतली रडणी ऐकली आहेत, त्यांचे ऐकून घेतल्याशिवाय मी हे मत त्यांच्यासमोर मांडणार नाही. ‘तेवढा वेळ वचनात घालवावा’ या वाक्याविषयी मात्र निश्चिंत राहा. तुमचा वचनाचा वेळ कमी झाला आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि झाला नसेल तर त्याचा हिशेब कोणाला देण्याची गरज नाही.

चाळीस कादंबऱ्या वाचल्यावर तुम्हालाही जाणवले असेल की त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नसतात. मला एक कसोटी उपयोगी पडते : पुस्तकातल्या प्रार्थना मनातल्या मनात काढून टाकाव्या आणि पाहावे की कथा तशीच्या तशी चालते का. चालत असेल, तर विश्वास वरून चिकटवलेला आहे. नायिका दर तिसऱ्या प्रकरणात डोळे मिटते आणि उघडल्यावर पूर्वी करणार होती तेच करते. चांगल्या कादंबरीत प्रार्थनेनंतर माणूस काहीतरी अवघड करतो, माफी मागायला जातो, पैसे परत करतो, किंवा हक्काची गोष्ट सोडून देतो. तुमच्यासाठी यातून मी एक नाव सुचवते, कॅथरीन मार्शल यांची ‘क्रिस्टी’, 1967 सालची. क्रिस्टी ही एकोणीस वर्षांची मुलगी 1912 साली टेनेसीच्या डोंगरांतल्या अतिगरीब वस्तीत मिशनच्या शाळेवर शिकवायला जाते. लेखिकेने ती स्वतःच्या आईच्या अनुभवांवर बेतली आहे. एका खोलीत साठाहून अधिक मुले, अंगावर धड कपडे नाहीत, आणि तिच्या आयुष्यात येणारे दोन पुरुष, एक धर्मोपदेशक आणि एक देवाविषयी साशंक असलेला डॉक्टर. 1831 पासून मिशनच्या शाळा पाहिलेल्या नगरसारख्या गावात वाढलेल्या शिक्षिकेला त्या वर्गाचा वास ओळखीचा वाटेल. भाचीने कधी आपण होऊन पुस्तक मागितले, तर हेही देता येईल. टायफॉइडची साथ आणि मृत्यू त्यात आहेत, तेवढे आधी सांगून ठेवा.

शेवटी मराठीत काही करण्याचा तुमचा विचार. तो मला मनापासून आवडला, फक्त पुस्तक नीट निवडा. ओक किंवा रिव्हर्स यांच्या कादंबऱ्यांचे हक्क शाबूत आहेत, त्यामुळे त्यांचे भाषांतर छापायचे किंवा वाटायचे तर प्रकाशकाची लेखी परवानगी लागेल. पण ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल यांची गोष्ट वेगळी आहे. 1865 साली जन्मलेल्या या बाईंचे यजमान, जे धर्मोपदेशक होते, 1899 साली वारले, आणि पदरी असलेल्या दोन मुलींना वाढवण्यासाठी त्या लिहीत राहिल्या, शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. ख्रिस्ती प्रेमकादंबरीची वाट ज्यांनी आधी पाडली त्यांत त्यांचे नाव येते. 1947 साली त्या वारल्या. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतात, म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांवरचे हक्क आपल्याकडे 2007 अखेर संपले. ती तुम्ही भाषांतरित करू शकता, छापू शकता आणि मंडळात वाटूही शकता.

त्यांतली 1918 सालची ‘द एन्चांटेड बार्न’ घ्या. मराठीत तिला ‘मंतरलेलं कोठार’ म्हणता येईल. शर्ली ही लघुलेखनाची नोकरी करून आजारी आई आणि चार धाकट्या भावंडांचे घर चालवणारी मुलगी आहे. राहते घर सोडावे लागणार असते, आणि शहरात परवडेल असे दुसरे मिळत नाही. गावाबाहेर तिला एक रिकामे दगडी कोठार दिसते आणि ती ते भाड्याने मागायला मालकाच्या दारात जाऊन उभी राहते. मालकाचा मुलगा पुढे काय करतो हे तुम्हाला सांगायला नको. पण ही कथा मंडळात चालेल याचे कारण तो मुलगा नाही. भाड्याच्या खोलीसाठी वणवण केलेल्या किती जणी तिथे बसलेल्या असतील, याचा विचार करा.

भाषांतर लिहून काढण्याआधी ती तोंडी सांगून पाहा. तुम्ही आयुष्यभर वर्गात गोष्टी सांगितल्या आहेत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही त्यामुळे बसता येईल. उपासना आटोपल्यावर वीस मिनिटे पुरेत, आणि सुरुवातीला ज्येष्ठ बाईंची परवानगी घ्या, शक्य तर त्यांनाच रूथच्या दुसऱ्या अध्यायाचे वाचन करायला सांगा. पहिल्या दिवशी शर्ली कोठाराच्या मालकाला भेटायला निघते, तिथपर्यंतच सांगा. पुढच्या वेळी कोणी ‘मग तिला ते मिळालं का?’ असे विचारत आधीच येऊन बसली, तर दुसऱ्या दिवशी वही उघडून पहिले प्रकरण लिहायला घ्या.